आधी सेल्फ मारणं थांबवा!

जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीचं इंजिन पेट्रोलने तुंबलं की जोर लावून काही होत नाही. नाक, प्लग आणि गच्चीवरच्या टाकीचा बॉल एवढ्यावर मात्र बरंच काही कळतं.

रविवारची सकाळ, उल्हासनगर कॅम्प २. गल्लीत दोन्ही बाजूंना बाइका लावलेल्या आणि मधे आजोबांची प्रीमियर पद्मिनी. चार महिने ताडपत्रीखाली झोपलेली ही गाडी आज चालवायचीच, असं तुम्ही ठरवलंय. चोक ओढला, अ‍ॅक्सिलरेटर चार-पाच वेळा दाबला आणि चावी फिरवली. खर्र-खर्र-खर्र... क्षणभर फुरफुरली आणि गप्प. पुन्हा सेल्फ, पुन्हा खर्र-खर्र. पाचव्या मिनिटाला भोवती चार सल्लागार जमतात. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो धक्का मारू, तिसरा म्हणतो प्लग बघ. चौथा लांबूनच ओरडतो, 'और रेस दे!' तुम्ही आणखी रेस देता आणि आता आख्ख्या गल्लीत पेट्रोलचा वास सुटतो.

या चौघांच्या सल्ल्यांपैकी एकच सल्ला नक्की चुकीचा आहे आणि नेमका तोच तुम्ही ऐकलात.

इंग्रजी मॅन्युअलमध्ये याला इंजिन फ्लड होणं म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजची भाषा सोपी आहे: 'पेट्रोल ओव्हर झालंय.' म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं नाही, जास्त झालंय. उपाशी समजून तुम्ही ज्याला भरवताय, त्याला खरं तर अजीर्ण झालंय. सेल्फचा प्रत्येक फेरा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा प्रत्येक दाब ते अजीर्ण वाढवतोय. म्हणून पहिला नियम असा: गाडी सुरू होत नसेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर हात थांबवा. विचार त्यानंतर करायचा, पण विचारच करायचा.

हे आत्ता का वाचायचं?

'आमच्या घरी नवी इंजेक्शनवाली गाडी आहे, आमचा काय संबंध?' असं वाटत असेल तर खाली पार्किंगमध्ये एक चक्कर मारून या. बीएस-६ चे नियम लागू झाले १ एप्रिल २०२० ला. त्याआधी विकल्या गेलेल्या बहुतेक साध्या बाइक आणि स्कूटरमध्ये कार्बोरेटरच होता. म्हणजे तुमच्यातले बरेच जण आजही कार्बोरेटरवर बसूनच कॉलेजला येतात. मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि २००० च्या आसपास इंजेक्शन येईपर्यंत तीही कार्बोरेटरवरच चालायची. पद्मिनीचं तर सगळं आयुष्यच कार्बोरेटरवर गेलं.

पद्मिनी तशी आपल्याच भागातली पोरगी. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ ची, कारखाना कुर्ल्याचा. फियाट ११०० चा परवाना घेऊन बनवलेली ही गाडी पुढे चित्तोडच्या राणीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला होता. १९९० च्या दशकात तिथून प्यूजो ३०९ बाहेर पडायची. मुंबईत नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी होती २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही थांबली. आता पद्मिनी दिसते ती घरांच्या आडोशाला, ताडपत्रीखाली. यातल्या कित्येक गाड्या 'सुरूच होत नाही हो' एवढ्या एका वाक्यावर भंगारात जातात. त्या 'सुरू होत नाही'मागे कधी कधी फक्त ओले प्लग असतात, तर कधी चिमूटभर कचरा.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी पेटत का नाही?

कारण द्रवरूप पेट्रोल पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ, तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळली तर. वजनाने बघितलं तर एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. आकारमानात हा हिशेब चक्रावून टाकतो. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला जवळपास नऊ हजार लिटर हवा लागते. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. तशा नऊ टाक्या भरून हवा आणि तिच्यात एक बाटली पेट्रोल. इंजिन मुळात हवाच खातं, पेट्रोल तोंडी लावण्यापुरतं. हे प्रमाण बिघडून पेट्रोल फार झालं की मिश्रण पेटत नाही.

दुसरी अडचण प्लगची. ठिणगी पडते प्लगच्या टोकाच्या बारीक फटीत. तिथे पेट्रोल साचलं की करंटला फट ओलांडण्यापेक्षा ओल्या, काजळी धरलेल्या पोर्सेलीनवरून निसटणं सोपं जातं. मग ठिणगी पडतच नाही किंवा पडली तरी मरतुकडी पडते. ठिणगी नाही म्हणून पेट्रोल जळत नाही आणि जळत नाही म्हणून प्लग आणखी ओला होतो. सेल्फ मारत राहिलात तर हे चक्र तुम्हीच फिरवत राहता.

टाकीचा बॉल

कार्बोरेटर कसा चालतो, हे उल्हासनगरच्या पोरांना वेगळं शिकवावं लागू नये. गच्चीवरच्या टाकीत पाणी येतं, बॉल वर उचलला जातो, कॉक बंद होतो. पाणी वापरलं की बॉल खाली येतो, कॉक उघडतो. बॉल फुटला किंवा कॉकमध्ये कचरा अडकला की टाकी ओव्हरफ्लो होते आणि खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडायला लागतात.

कार्बोरेटरमध्ये हेच सगळं मुठीत मावेल एवढ्या आकारात असतं. छोटी टाकी म्हणजे फ्लोट चेंबर, बॉल म्हणजे फ्लोट आणि कॉक म्हणजे निडल व्हॉल्व्ह. शेजारून हवेची वाट जाते, ती मधे अरुंद झालेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब पडतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जाऊन फवाऱ्यासारखं उडतं.

सुरू करताना मात्र या रचनेत दोन जादा गोष्टी येतात. पहिली चोक. ही हवेच्या वाटेवरची झडप. नॉब ओढला की झडप मिटते, हवा कमी आणि पेट्रोल जास्त. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हा तात्पुरता खुराक. दुसरी गोष्ट अ‍ॅक्सिलरेटर पंप. बहुतेक कार-कार्बोरेटरमध्ये पेडल दाबलं की एक छोटी पिचकारी थेट हवेच्या वाटेत पेट्रोल मारते, इंजिन बंद असलं तरीही! सुरू करण्यापूर्वी तुम्ही जे चार-पाच वेळा पेडल दाबलंत, त्या चार-पाच पिचकाऱ्या होत्या. वर चोक ओढलेला. शिवाय अशा गाड्यांचा पेट्रोल पंप बहुधा इंजिनच्याच फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे सेल्फ मारला की तोही पेट्रोल पुढे ढकलत राहतो. गाडी ओव्हर होण्याची सोय तुम्ही तिन्ही बाजूंनी करून ठेवली होती.

पहिला उपाय: चोक आत, पाय तळाला

आता क्रमाने चला. घाई करू नका.

सिगारेट, उदबत्ती, लायटर लांब. भोवतीच्या सल्लागारांनाही सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. चावी बंद करा आणि बॉनेट उघडा. आता नाक आणि डोळे वापरा. कार्बोरेटरच्या बाहेरून पेट्रोल ओघळतंय का? खाली इंजिनवर, वायरिंगवर ठिबकतंय का? जमिनीवर डाग आहे का? यातलं काहीही दिसलं तर सेल्फ अजिबात मारायचा नाही. बॅटरीची वायर काढायलाही घाई नको, कारण तिथेही ठिणगी पडू शकते. आधी वास विरू द्या, मग मिस्त्रीला बोलवा. बाहेर सांडलेलं पेट्रोल हा गाडी सुरू करण्याचा प्रश्न उरत नाही, तो आगीचा प्रश्न असतो.

बाहेर सगळं कोरडं असेल तर बॉनेट उघडं ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. चहा घ्या. आत साचलेलं पेट्रोल उडून जायला वेळ लागतोच.

मग चोक पूर्ण आत ढकला, म्हणजे हवेची झडप पूर्ण उघडेल. अ‍ॅक्सिलरेटर सावकाश, एकदाच, तळापर्यंत दाबा आणि तिथेच धरून ठेवा. वर-खाली करायचा नाही, नाहीतर पिचकारी पुन्हा सुरू. पाय तळाला ठेवूनच पाच ते दहा सेकंद सेल्फ मारा. नाही झाली तर सेल्फला मिनिटभर विश्रांती द्या आणि पुन्हा एकदा. इंजिनने पकडलं की लगेच पाय उचला, कारण थ्रॉटल पूर्ण उघडं असल्याने ते एकदम किंचाळेल. सुरुवातीला काळा धूर येईल, ते आतलं जादा पेट्रोल जळतंय.

इथेच बहुतेकांची गफलत होते. 'पेट्रोल जास्त झालंय म्हणता आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगता?' हो. कारण कार्बोरेटरच्या गाडीत पेडल दाबणं म्हणजे आधी हवेचं दार उघडणं. दार सताड उघडलं की इंजिनच्या बाजूची ओढ कमी होते, जेटमधून पेट्रोल कमी ओढलं जातं आणि भरपूर हवा आत शिरून साचलेलं पेट्रोल वाहून नेते. रेस देणं म्हणजे पेडल पंपासारखं वर-खाली करणं. पाय तळाला ठेवणं म्हणजे खिडकी उघडणं. एकाच पेडलचे हे दोन उलटे उपयोग आहेत.

गंमत म्हणजे ही युक्ती संगणकानेही उचलली. बऱ्याच इंजेक्शनवाल्या गाड्यांत पेडल तळाला दाबून सेल्फ मारला तर इंजिनचा कंट्रोल युनिट ओळखतो की हा माणूस तुंबलेलं इंजिन साफ करतोय आणि इंजेक्टर बंद ठेवतो. कार्बोरेटरच्या काळात पायाने होणारी गोष्ट पुढे प्रोग्राममध्ये लिहिली गेली.

बाइकचंही तत्त्व हेच. पेट्रोल कॉक बंद, चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि पाच-सात किक. सुरू झाली की थ्रॉटल सोडा, कॉक उघडा.

प्लग बोलतो, ऐका

दोन-तीन प्रयत्नांत झाली नाही तर बॅटरी संपवू नका. प्लग काढा. त्याआधी प्रत्येक वायरवर चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ लिहा. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. वायरी अदलाबदल झाल्या तर उरलेला रविवार नवीन बिघाड शोधण्यात जाईल. इंजिन गरम असेल तर थांबा. प्लगपाना सरळ धरा, तिरका जोर दिला तर पोर्सेलीन तडकतं.

चारही प्लग क्रमाने कागदावर ठेवा आणि बघा. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर फ्लडिंग पक्कं. कोरडा आणि वास नसेल तर उलट भानगड, पेट्रोल पोचतच नाहीये. कोरडी, मखमली काळी काजळी असेल तर गाडी कित्येक दिवस जादा पेट्रोल पीत होती. चोक अर्धवट अडकलाय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. तेलकट काळा असेल तर ऑइल वर येतंय, तो कार्बोरेटरचा गुन्हा नाही. आणि बिस्किटासारखा फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर सुखात आहे. चारांपैकी एकच ओला आणि तीन बरे असतील तर कार्बोरेटरला दोष देऊ नका. त्या एका सिलिंडरची वायर, प्लग किंवा त्याला येणारी ठिणगी तपासा. एवढी माहिती कुठल्याही मोबाइल अ‍ॅपशिवाय मिळते.

ओले प्लग कोरड्या कापडाने पुसा, ब्रशने साफ करा आणि उन्हात ठेवा. काही जण ते गॅसच्या शेगडीवर भाजतात. पेट्रोलने भिजलेली वस्तू घेऊन स्वयंपाकघरात जाऊ नका, एवढंच सांगतो. प्लग सुकेपर्यंत भोकं उघडी राहिली की सिलिंडरही सुकतात. 'ठिणगी बघू' म्हणून उघड्या भोकांशेजारी प्लग टेकवून सेल्फ मारण्याचा मोह होईल, तो टाळा. आत पेट्रोलची वाफ भरलेली आहे आणि तुम्ही तिच्या तोंडाशी ठिणगी पाडताय. ती चाचणी सगळं कोरडं झाल्यावर आणि माहीतगार माणसासमोर.

दोष कुणाचा? हात, बॉल की करंट?

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपलं नाही. ती ओव्हर का झाली, हे कळलं नाही तर पुढच्या रविवारी हेच होणार. संशयित तीन.

पहिला: हात. चोक जास्त वेळ ओढलेला, पेडलचं विनाकारण पंपिंग. आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटेही महाबळेश्वरची थंडी नसते. बहुतेक दिवस थोडा वेळ, थोडासा चोक पुरतो आणि इंजिन गरम होऊ लागलं की तो परत ढकलायचा असतो. उपाय फुकट आहे: सवय बदला. मात्र नॉब आत ढकलल्यावर झडप खरंच उघडते का, ते बघा. इंजिन बंद करून एअर फिल्टरचं झाकण काढा आणि दुसऱ्याला नॉब आत-बाहेर करायला सांगा. झडप उभी राहिली पाहिजे. केबल गंजून अडकली असेल तर नॉब आत जातो आणि झडप मिटलेलीच राहते.

दुसरा: बॉल. पेडलला हात-पाय न लावता, गाडी नुसती उभी असताना किंवा चालू असताना कार्बोरेटर ओघळत असेल तर संशय थेट फ्लोट आणि निडल व्हॉल्व्हवर. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे लाखेसारखा चिकट थर उरतो. त्याचा कण निडलखाली बसला की कॉक बंद होत नाही. रस्त्यात अडकलात तर जुनी युक्ती अशी: इंजिन बंद असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोट चेंबरवर हलकेच टकटक करा. कचरा सुटला तर निडल बसते. हा घरी पोचण्यापुरता इलाज. कायमचा इलाज म्हणजे कार्बोरेटर उघडून साफ करणं, निडलच्या टोकावर घासून खाच पडली असेल तर ती बदलणं आणि पेट्रोल लाइनमध्ये चांगला फिल्टर बसवणं. पितळी फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. बुडणारा बॉल कॉक बंद करणार कसा? गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे भोकाची जागा दाखवतात. पाणी मात्र स्वयंपाकघरातून आणा, शेगडी गाडीपाशी नेऊ नका. आणि जेट तोंडाने फुंकू नका, हवेचा पंप वापरा.

यात आता एक नवा पाहुणा आलाय: इथेनॉल. पंपावर आज मिळणारं नेहमीचं पेट्रोल वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, वॉशर, पंपाचा पडदा हे त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, नरम पडतात, तडकतात. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि जुन्या टाकीतला चिकट थर सोडवून पुढे कार्बोरेटरपर्यंत पाठवतं. म्हणून आजोबांच्या गाडीचे रबरी पाइप आजोबांच्या वयाचे ठेवू नका. इथेनॉलला टिकतील असे नवे पाइप आणि किट मागून घ्या. टाकी भरून गाडी चार महिने उभी करण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा नीट गरम होईपर्यंत चालवा.

तिसरा: करंट. पेट्रोल बरोबर येतंय, पण ठिणगी कमजोर आहे, म्हणून ते न जळता साचतं. दिसतं फ्लडिंग, मूळ मात्र इग्निशनमध्ये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पहिला संशय हाच. वालधुनी भरून वाहत असते, भिंतींना बुरशी येते, तीच हवा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्येही शिरते. आत दव धरलं की करंट भलतीकडे पळतो. कॅप काढा, आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसा, बारीक तडे किंवा काळ्या रेषा दिसतात का बघा. मग पॉइंट. हे दोन छोटे संपर्क जळून खडबडीत झाले किंवा त्यांतलं अंतर बिघडलं की ठिणगी मरते. अंतर फीलर गेजने मॅन्युअलप्रमाणे लावायचं. चांगली ठिणगी निळसर आणि कडक वाजणारी असते; पिवळट, मुकाट ठिणगी म्हणजे कंडेन्सर, कॉइल किंवा बॅटरीकडे बघा. तासभर सेल्फ मारून बॅटरी उतरवली असेल, तर ठिणगी कमजोर करण्याचं श्रेयही तुमचंच.

माळशेजचा चहा

आणखी एक प्रकार आहे आणि तो पिकनिकला हमखास गाठतो. शहाडवरून मुरबाडमार्गे माळशेज चढलात. वर चहा-भजीसाठी दहा मिनिटं थांबलात. खाली घरून पटकन सुरू झालेली गाडी आता हलायला तयार नाही. इंजिन बंद केलं की पाण्याचं आणि हवेचं फिरणं थांबतं, पण लोखंडातली उष्णता वर येते. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत गळतं आणि थंड गाडीला जे चोकने होतं, ते गरम गाडीला आपोआप होतं. अशा वेळी चोक अजिबात नको. बॉनेट उघडा, थांबा, मग पाय तळाला आणि सेल्फ.

पण गरम गाडी न सुरू होण्याचं नेमकं उलटं कारणही असतं. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ अडकते आणि पुढे पेट्रोल जातच नाही. दोन्हींतला फरक नाक सांगतं. पेट्रोलचा वास असेल तर ओव्हर. अजिबात वास नसेल तर वाफ अडकलीय. दुसऱ्या प्रकारात पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून गार करायचं, फक्त पाणी डिस्ट्रिब्युटरवर जाऊ देऊ नका. तापलेल्या इंजिनवर बादलीभर गार पाणी ओतायचं तर मुळीच नाही.

धक्का मारण्याआधी डिपस्टिक

चार सल्लागारांतला धक्कावाला अजून उभाच असेल. पेट्रोल ओव्हर झालेल्या गाडीला धक्का हा इलाज नाही. तो बॅटरी उतरलेल्या गाडीला आहे. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे ढकलून तुम्ही दुसरा, महागडा बिघाड विकत घेता.

त्यापेक्षा एक मिनिटाचं काम करा. डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलंय का? पातळ वाटतंय का? पेट्रोलचा वास येतोय का? सिलिंडरमध्ये साचलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली ओघळतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. पंपाचा पडदा फाटला असेल तरीही तेच. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचं रक्षण करू शकत नाही. अशी गाडी सुरू झाली याचा आनंद दहा मिनिटं टिकतो आणि इंजिनच्या कामाचं बिल पुढे बराच काळ पुरतं. ऑइलला वास येत असेल तर आधी कारण दुरुस्त, मग ऑइल आणि फिल्टर नवीन, मगच सेल्फ. आणि सेल्फ मारताच इंजिन 'ठक्क' करून जागीच अडलं, तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये द्रव भरलेला असू शकतो आणि तो दाबला जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

हे शिकवणारं कोण?

उल्हासनगरवरचा 'मेड इन यूएसए'चा विनोद तुम्ही हजार वेळा ऐकलाय. त्यामागची खरी गोष्ट विनोदापेक्षा मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धातली ही कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून सगळं मागे टाकून आलेली माणसं इथल्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी पायाभरणी केली आणि छावणी उल्हासनगर झाली. 'कॅम्प' हा शब्द मात्र पत्त्यात राहिला. हाताशी नवं काही नसलेल्या माणसांनी असलेलं उघडून बघितलं, समजून घेतलं आणि बनवून विकलं. वस्तू उघडून बघायला न घाबरणं ही या गावाची जुनी विद्या आहे.

कार्बोरेटर कळणारे मिस्त्री अजून आहेत, पण त्यांच्या हाताखालची नवी पोरं स्कॅनर लावून शिकताहेत. ते योग्यच आहे, पुढच्या गाड्या त्याच आहेत. पण स्कॅनर एरर कोड देतो. 'चारपैकी एकच प्लग ओला का' हा प्रश्न तुम्हालाच विचारावा लागतो. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडमधला तुमचा एखादा मित्र असेलच. त्याला सोबत घ्या, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना विचारून एका दुपारी त्यांच्या बाकड्यावर बसा आणि एक कार्बोरेटर उघडताना बघा. त्यांच्या वेळेचे पैसे मात्र द्या, 'बघतोय फक्त' म्हणून फुकट नको.

गाडीत एवढं असू द्या

प्लगपाना, एक जादा प्लग, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, फीलर गेज, सुकं सुती कापड, चिकटपट्टी, टॉर्च (काडेपेटी नव्हे) आणि मुदत न संपलेला ड्राय पावडर फायर एक्स्टिंग्विशर. सगळं एका पिशवीत मावतं.

आज घरी गेलात की एवढंच करा. ताडपत्री उचला, बॉनेट उघडा, डिपस्टिक काढून वास घ्या आणि पेट्रोलचा रबरी पाइप चिमटीत दाबून बघा. तडे दिसले किंवा पाइप चिकट लागला, तर चावीला हात लावण्याआधी तो बदलून घ्या.